न चाखलेलं अहियाको : उरायासु ते गुन्मा

लूसचा फोन आला तेव्हा मी चकल्या तळत होते. दिवाळी तोंडावर आली होती.

"आई आली आहे," ती म्हणाली. "बोगोटाहून. तू जेवायला ये. अहियाको करणार आहे ती."

लूस कोलंबियाची. टोकियोजवळच्या उरायासुत ओबेंतोच्या डब्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही दोन वर्षं शेजारी शेजारी उभ्या राहून पार्टटाइम काम केलं. ती भात भरायची, मी लोणचं ठेवायची. आमची सामाईक भाषा म्हणजे मोडकी जपानी. इथे लिहिलेलं आमचं बोलणं त्या भाषेतलं आहे. मराठीत ते नीटनेटकं दिसतं, तसं ते नव्हतं. नवरा वेगळा झाल्यावर ती गुन्माला गेली आणि मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागली. त्यानंतर आमची भेट नव्हती, फोन होते.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "आई मला न्यायला आली आहे. विचारते, इथे तुझं कोण आहे? मी म्हटलं, माझी एक मैत्रीण आहे. म्हणाली, बोलाव तिला जेवायला. मग ठरवू."

कढईतला घाणा लाल झाला. मी येते म्हटलं.

आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर अनघाताई राहतात. मूळच्या ठाण्याच्या, जपानात माझ्यापेक्षा जुन्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावरून सुटते, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "गुन्माला एकटी काय जातेस? मी येते. कोलंबियाचे लोक खातात तरी काय, बघू." लूसला विचारलं. ती म्हणाली, दोन मैत्रिणी म्हणजे आणखी चांगलं.

दिवाळी होऊन आठवडा झाल्यावरच्या शनिवारी आम्ही निघालो. ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी वाट अशी : उरायासुहून तोझाई लाइन, कायाबाचोला बदल, तिथून हिबिया लाइननं किता-सेंजु. किता-सेंजुहून राखीव जागांची एक्स्प्रेस मिळते, ती तातेबायाशीला सोडायची. पुढे दोन डब्यांची छोटी गाडी. ती एकेरी रुळांवरून, कांद्याच्या आणि कोबीच्या शेतांमधून जाते आणि प्रत्येक स्टेशनावर समोरून येणाऱ्या गाडीची वाट बघते. फक्त जायचा खर्च तीन हजार येनांच्या आत. एक्स्प्रेसचं तिकीट आदल्या दिवशी काढलेलं बरं.

किता-सेंजुच्या फलाटावर अनघाताईंनी अंड्याचं सँडविच घेतलं आणि गाडीत बसल्यावर अर्धं मला दिलं. आम्ही दोघी अंडी खातो, चिकन खातो, मासे खातो. हे आधीच सांगून ठेवते.

शेवटच्या स्टेशनावर लूस उभी होती. केस कापले होते, बारीक झाली होती. शेजारी तिची आई, दोन्या एल्विरा. दोन्या म्हणजे आपल्याकडचं बाई किंवा काकू, वयानं मोठ्या बाईच्या नावाआधी लावतात. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, पायात मुलीचे बूट. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, मग चेहरा धरला आणि पुष्कळ काही बोलल्या.

"म्हणते, फोटोत जाड दिसतेस," लूस म्हणाली.

स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर दक्षिण अमेरिकेच्या सामानाचं दुकान आहे. माल बहुतेक ब्राझीलचा. कोलंबियाचं एक कपाट, तेही मागच्या भिंतीला. पण घेण्यासारखं खूप. गोठवलेला युका, म्हणजे कसावाचा कंद, सोललेला, जाड जाड तुकड्यांत. शिजवून दळलेलं मक्याचं पीठ. त्याच्या अरेपा होतात, जाडसर छोट्या भाकऱ्या. गोठवलेली केळीची पानं. पेरूची लाल वडी, खडकासारखी घट्ट. आणि पनेला : आपला गूळच, फक्त विटेच्या आकाराचा. रोख पैसे न्या, आम्ही गेलो त्या दिवशी दुकानात कार्ड चालत नव्हतं.

दोन्या एल्विरांनी बटाटे मात्र तिथून घेतले नाहीत. ते आधीच घरी होते. अहियाको म्हणजे कोंबडी घातलेलं बटाट्यांचं सूप, त्याला तीन जातींचे बटाटे लागतात, लूसनं वाटेत सांगितलं. एक पूर्ण विरघळणारा, ज्यानं सूप दाट आणि पिवळं होतं. एक अर्धवट फुटणारा. एक शेवटपर्यंत तसाच राहणारा. बोगोटात प्रत्येकाचं नाव वेगळं. इथे आईनं पहिला आठवडा सुपरमार्केटमधला प्रत्येक बटाटा उकडून बघण्यात घालवला. विरघळणारा म्हणून किता-आकारी निघाला, न फुटणारा म्हणून मे-क्वीन.

"आणि वेळ जात नसला की मला विचारायची, कधी निघायचं," लूस म्हणाली.

घराकडे जाणारा रस्ता शेताच्या कडेनं होता. वळणावर इमारतीची कचरा ठेवायची जागा होती. सिमेंटचा ओटा, त्यावर कावळ्यांसाठी टाकलेलं निळं जाळं, जाळ्याखाली दोन पिशव्या. ओट्याच्या कडेनं गुडघाभर तण वाढलेलं. बारीक पांढरी फुलं, मध्ये पिवळा ठिपका. दोन्या एल्विरा तिथे वाकल्या आणि शेंडे खुडू लागल्या. खुडताना हसत होत्या. मुठी भरून त्यांनी ते माझ्या नाकाशी धरलं. वास हिरवा होता, थोडा गवताचा, थोडा कोथिंबिरीच्या काड्यांचा.

"ग्वास्कास," लूस म्हणाली. "हिच्याशिवाय अहियाको होत नाही. आई वाळवलेली घेऊन आली होती. मग इथे रस्त्यावर ताजी दिसली. रडली ती."

अनघाताई मराठीत म्हणाल्या, "अगं, कचऱ्याच्या ओट्याजवळचं आहे हे. कुत्री येत असतील इथे."

"हळू," मी म्हटलं.

"हळू काय? कोणाला कळतंय इथे?"

दोन्या एल्विरांनी आमच्याकडे बघून मान डोलावली. त्यांना वाटलं, आम्ही रोपाचं कौतुक करतोय.

घर दोन खोल्यांचं. खिडक्यांवर वाफ. बसल्या बसल्या हातात गरम कप आले : पनेला पाण्यात उकळलेला, लिंबू पिळलेलं. आलेल्याला आधी गूळपाणी. मी फराळाचा डबा दिला. दोन्या एल्विरांनी चकली उचलली, कशाची आहे, काय आहे, काही विचारलं नाही, थेट तोंडात घातली. मग दुसरी घेतली. मग डबा टीव्हीवरच्या मेरीच्या चित्रापाशी नेऊन ठेवला.

पातेलं मोठं होतं. त्यात सकाळपासून कोंबडी शिजली होती, मक्याच्या कणसाचे तुकडे होते, किता-आकारी विरघळून रस्सा हळदीसारखा पिवळा झाला होता. कोंबडी त्यांनी बाहेर काढून हातानं पिंजून ठेवली होती. टेबलावर चार वाडगे, सायीची वाटी, अव्होकाडोच्या फाका, खारवलेल्या आंबट कळ्यांची बशी. ग्वास्कास त्यांनी तीन पाण्यांतून धुतली. आम्ही बघत होतो. तीन पाण्यांतून. मग चिरली आणि पातेल्यात टाकली, आणि घरभर तो वास पसरला.

चव इथे लिहायला हवी. इतरांच्या प्रवासवर्णनात ती इथेच येते.

दोन्या एल्विरांनी पळी उचलली तेव्हा अनघाताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मग लूसला जपानीत म्हणाल्या, "माफ करा हं. सांगायचं राहिलं. आज आमची चतुर्थी. देवाचा उपवास असतो. हे चालत नाही."

हे आपल्याकडे सगळे करतात. नको असलेलं जेवण टाळायला उपवासासारखी दुसरी सोय नाही. समोरचा आग्रह करत नाही, कोणाचा अपमान होत नाही. मीही पूर्वी केलं असेल. त्या क्षणी मी चकित झाले नाही. सुटल्यासारखं वाटलं मला. ओटा आणि निळं जाळं माझ्याही डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

लूस माझ्याकडे बघत राहिली. "तुझीही?"

मी मान डोलावली.

तिनं आईकडे वळून स्पॅनिशमध्ये सांगितलं. बराच वेळ सांगत होती.

दोन्या एल्विरांनी पळी खाली ठेवली. त्यांना वाईट वाटलं असेल असं मला वाटलं होतं. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि पातेल्यावर झाकण घातलं. उपवासाला काय चालतं, विचारलं. अनघाताई बोटांवर मोजू लागल्या : बटाटा, रताळं, शेंगदाणे, साबुदाणा, दूध, फळं. प्रत्येक नावाचं भाषांतर झालं की दोन्या एल्विरांचा चेहरा उजळायचा. शेवटी त्या टाळी वाजवून काहीतरी म्हणाल्या.

"म्हणते, तुमचा देव आमच्याकडचाच दिसतो," लूस म्हणाली. "सगळं आमच्या मातीतलं खातो."

मग त्या कामाला लागल्या. घरातल्या कढईत आदल्या दिवशी मांसाच्या करंज्या तळल्या होत्या, म्हणून शेजारणीकडून नवी कढई आणवली. तेलाची नवी बाटली फोडली. युका उकडला, उभा चिरला, तळला. रताळी भाजली. शेंगदाणे भाजून कुटले, कारण अनघाताईंनी कूट कसा असतो ते हातांनी दाखवलं होतं. सकाळपासून उभी असलेली बाई परत तासभर उभी राहिली. आम्ही बसून होतो. मी मदतीला उठले तर खांदे दाबून बसवलं. उपाशी माणसानं काम करायचं नाही.

युका कसा लागतो ते सांगू शकते. बाहेरून कुरकुरीत, आतून तंतुमय, पिठूळ, किंचित गोड. मीठ लागलं की हात थांबत नाही.

"अगं, हा साबुदाण्याचा आजोबा की!" अनघाताई म्हणाल्या. बरोबरच होतं, साबुदाणा याच कंदाचा करतात. त्यांनी तीनदा घेतलं.

लूस आणि तिची आई जेवल्या नाहीत. पाहुण्या देवाच्या नावानं थांबल्या असताना घरच्यांनी कोंबडी खायची नाही, असं दोन्या एल्विरांचं म्हणणं. त्या आमच्यासमोर कप घेऊन बसल्या. लूसचे वडील, बोगोटाचा पाऊस, लूसला लहानपणी मक्याचे दाणे वेचून बाजूला ठेवायची सवय, असं बरंच सांगत राहिल्या. मध्येच विचारलं, उपवास सुटतो कधी?

"चंद्र दिसला की," अनघाताई म्हणाल्या. खोटं बोलताना माणूस तपशील खरे देतो.

तीनच्या सुमाराला दोन्या एल्विरा वाळत घातलेले कपडे काढायला बाल्कनीत गेल्या. तिथून त्यांची हाक आली, मोठ्यानं, मुलीसारखी. आम्ही धावलो. त्या शेतांवरच्या आकाशाकडे बोट दाखवत होत्या. निळ्या आकाशात अर्धा पांढरा चंद्र होता.

त्या आत पळाल्या. झाकण काढल्याचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आला. "देव दयाळू आहे," लूसनं सांगितलं. "म्हणते, लवकर पाठवला. आता सगळ्या जेवू."

दिवाळीची अमावास्या होऊन आठवडा झालेला. शुक्ल पक्षातला, दुपारीच उगवणारा चंद्र. आमच्या चतुर्थीशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि आमची चतुर्थीही नव्हती. आता फक्त हो म्हणायचं होतं. चार वाडगे टेबलावर तसेच होते. अनघाताई माझ्याकडे बघत होत्या.

दोन्या एल्विरा पळी घेऊन दारात आल्या.

"मेधा-सान," लूसनं मला विचारलं. अनघाताईंना नाही, मला. "हा चालतो का?"

मी म्हटलं, "नाही. रात्रीचाच लागतो."

दोन्या एल्विरांनी काहीतरी विचारलं. लूसनं भाषांतर केलं, चेहऱ्यावर काही न आणता. "विचारते, तुमच्याकडे चंद्र किती आहेत?"

कोणी हसलं नाही, त्या एकट्या हसल्या. मग त्यांनी गॅस बंद केला. माझ्यापाशी आल्या, गालावर हात ठेवला. तळव्याला ग्वास्कासचा वास होता.

"म्हणते, पक्की आहेस," लूस म्हणाली. "समोर आलेलं जेवण सोडलंस, पण शब्द सोडला नाहीस. अशी एक जण जवळ असली तर मी इथे राहिले तरी चालेल. तिला आता काळजी नाही."

निघताना त्यांनी पेरूची वडी पानात गुंडाळून दिली. कपाळावर अंगठ्यानं खूण केली. आधी अनघाताईंच्या, मग माझ्या.

लूस स्टेशनपर्यंत आली. अनघाताई वेळापत्रक बघायला पुढे गेल्या. आम्ही दोघी कचऱ्याच्या ओट्यावरून गेलो, दोघींनीही तिकडे पाहिलं नाही.

"स्वयंपाकघरात शनिवारी करागे उरायचं," ती म्हणाली. करागे म्हणजे तळलेल्या चिकनचे तुकडे. "तू खायचीस. माझ्या वाटचंही."

"हो."

"दोन वर्षांत तुझा एक उपवास मी पाहिला नाही."

"तुला लगेच कळलं होतं?"

"लगेच."

"मग आईंना का सांगितलंस तसं?"

ती थांबली. "दुसरं काय सांगायला हवं होतं? माझ्या मैत्रिणीला तुझ्या हातचं नको आहे, असं?"

मी माफी मागितली. जपानीत माफी मागायला खूप शब्द आहेत, आणि कामावर असताना दिवसभर तेच बोलून त्यांचा काही अर्थ उरत नाही. ती म्हणाली, "गाडी आली."

दोन डब्यांच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. बाहेर अंधारून येत होतं. अनघाताई म्हणाल्या, "काही म्हण, युका मस्त होता. येताना पिशवीभर घ्यायला हवा होता."

मी पेरूची वडी पिशवीत सारली.

"तोंड का पाडलंस? वाईट काय झालं? म्हातारी खूश, मुलगी खूश."

"खोटं होतं ते, अनघाताई."

"पहिलं माझं होतं. मान्य." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "पण चंद्राला तू हो म्हणायचंस ना. मी वाटच बघत होते. एवढी सोन्यासारखी वाट काढून दिली होती तिनं. मला तर तो वास आल्यापासून भूक लागली होती."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या खरं बोलत होत्या.

नंतर वाचलं. ग्वास्कासला जपानीत जे नाव आहे त्याचा अर्थ उकिरड्यावरची शेवंती असा होतो. निरुपद्रवी रोप, बोगोटाच्या आसपास पिढ्यान् पिढ्या खातात. तिकडे कोणी गेलात आणि कोणी असं काही रांधून वाढलं, तर खा. नको असेल तर नको म्हणा. त्याचं काही ना काही बोलणं होईल, कदाचित एखादा चेहरा पडेल, आणि ते तिथेच संपेल. दुकान शनिवार-रविवार उघडं असतं. किता-आकारी आणि मे-क्वीन कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळतात. अहियाको कसं लागतं, हे मी लिहू शकत नाही.

दोन्या एल्विरा ठरल्या दिवशी बोगोटाला परतल्या. एकट्या. लूस राहिली.

डिसेंबरात तिचा मेसेज आला. तोवर तिनं स्वतःहून काही पाठवलं नव्हतं.

"आई विचारते, उपवास उद्या ना? महिना झाला. ती पण करणार आहे. म्हणते, तू इथे माझ्याजवळ करतेस, ती तिथे करेल."

मी लिहिलं, तिला खरं सांगूया. मी सांगते, तू फक्त भाषांतर कर.

"नको," लूसनं लिहिलं. "तिथे तिला झोप लागते आता. तारीख दे."

मी कॅलेंडर उघडलं. संकष्टी दुसऱ्या दिवशी नव्हती, पुढच्या आठवड्यात होती. खरी तारीख पाठवली. ती मागच्या तारखेशी जुळत नाही, हे लूसच्या लक्षात आलं असणार. तिनं काही विचारलं नाही.

त्या तारखेनंतर पुन्हा मेसेज. "बोगोटात ढग होते. चंद्र दिसला नाही. आई सकाळपर्यंत जेवली नाही. तिला बरं वाटत नव्हतं."

मी घाईघाईनं लिहिलं, ढग असले तर वेळ बघून जेवायचं असतं. आमच्याकडे सगळे तेच करतात. दिसायलाच हवा असं काही नाही.

"तू सांगितलं होतंस, रात्रीचाच लागतो, दुसरा चंद्र चालत नाही," लूसनं लिहिलं.

आता मी दर महिन्याला तारखेबरोबर बोगोटाच्या चंद्रोदयाची वेळ शोधून पाठवते. त्यांच्या घड्याळाप्रमाणे, त्यांच्या आकाशाप्रमाणे. लूस "पोहोचली" असं उत्तर देते. त्या दिवशी मी स्वतः उपवास करते का, हे तिनं कधी विचारलेलं नाही. करते. पण ते तिला सांगण्याची सोय मी ठेवलेली नाही.